हृदयविकार : श्रीमंतांचा की आपला?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आपल्या वस्तीत एखादा माणूस अचानक गेला की लोक विचारतात, "काय झालं होतं हो?" आणि उत्तर ठरलेले असते, "हार्ट फेल." एवढे म्हटले की सगळे गप्प होतात. जणू विजेचा दिवा फटकन गेला. त्यात कुणाचा दोष नाही आणि कुणाच्या हाती काही नव्हते. आज मला तुम्हाला सांगायचे आहे ते एवढेच, की हा शब्द आपण चुकीच्या अर्थाने वापरतो आणि त्या चुकीची किंमत आपण माणसांनी मोजतो.

प्रथम माझ्या घरची गोष्ट सांगते. माझे वडील इथल्या एका गिरणीत साच्यावर कामाला होते. आई घरी विड्या वळायची. मांडीवर सूप, शेजारी पाने आणि तंबाखूचा वास, त्यात आम्ही भावंडे अभ्यास करायचो. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. दादा पाळी सुटल्यावर विडी ओढायचे. पन्नाशीच्या आतच त्यांना जिना चढताना दम लागू लागला. संध्याकाळी पाय सुजायचे, चप्पल घट्ट व्हायची. रात्री आडवे झाले की खोकला यायचा, म्हणून भिंतीला टेकून बसत. घरात सगळे म्हणत, "उभं राहून काम करतात, पाय सुजणारच. विडीनं खोकला होणारच." शेवटी दवाखान्यात नेले. गोळ्या मिळाल्या. आठवड्याभरात सूज उतरली, दादा आडवे होऊन झोपू लागले. तीन महिन्यांनी ते म्हणाले, "पाणी उतरलं, आता गोळी कशाला?" गोळ्यांचे पैसे धाकट्या भावाच्या शाळेच्या फीकडे वळले. १९८६ च्या थंडीत एका पहाटे दादा गेले. लोक म्हणाले, "हार्ट फेल."

त्या वेळी मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होते. पायावर सूज का येते, हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. पुस्तकातली सूज मला माहीत होती, घरातली दिसली नाही. गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत होती. ती मी वाचू शकत होते. पण ही गोळी जन्मभर घ्यायची आहे, हे दादांना कुणी सांगितले नव्हते. दवाखान्याने सांगितले नाही आणि मीही सांगितले नाही. ही गोष्ट मी चाळीस वर्षे मनात बाळगून आहे. आज ती तुमच्यापुढे ठेवते, ती सहानुभूतीसाठी नव्हे. आजही माझ्याकडे येणाऱ्या दहा घरांत हीच गोष्ट घडताना मी पाहते, म्हणून.

आता शब्दांचा अर्थ नीट समजून घेऊ. हृदय हा स्नायूंचा पंप आहे. तो दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकसतो आणि विश्रांतीच्या वेळीसुद्धा मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवितो. या पंपाला स्वतःला रक्त पुरविणाऱ्या नळ्या असतात. त्यातली एखादी नळी गुठळीने अचानक बंद झाली की तो हार्ट अटॅक. हृदयाचे ठोके एकाएकी थांबले की माणूस जागीच कोसळतो. हार्ट फेल्युअर या दोन्हींहून निराळे आहे. त्यात हृदय चालू असते, पण अशक्त झालेले असते. जेवढे रक्त पुढे ढकलायला हवे तेवढे ते ढकलू शकत नाही. मग पाणी मागे तुंबते, फुप्फुसात, पोटात, पायांत. हा एका क्षणाचा घाला नाही. हा महिनोन् महिने, वर्षानुवर्षे चालणारा आजार आहे. म्हणजे तो आपल्याला वेळ देतो. दादांना त्याने जवळजवळ दोन वर्षे दिली होती.

गंमत पाहा, शरीर या अवस्थेत स्वतःच स्वतःचे नुकसान करते. रक्त कमी पोहोचते आहे हे पाहून मूत्रपिंडाला वाटते की शरीरातले पाणी आटले आहे. ते मीठ आणि पाणी धरून ठेवते. सूज आणखी वाढते. अंगातली उत्तेजक द्रव्ये हृदयाला अधिक जोराने पळवू लागतात. दमलेल्या बैलाला आसूड मारावा तसे हे आहे. बैल चार पावले पळतो आणि मग बसतो.

मग हृदय अशक्त कशाने होते? आपल्या देशात सर्वांत मोठे कारण म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार. त्याखेरीज वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेला रक्तदाब, मधुमेह, दारू आणि लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपा. या शेवटच्या कारणाकडे मातांनी विशेष लक्ष द्यावे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना एका विशिष्ट जंतूने घसा धरतो. दाटीवाटीच्या घरांत तो झपाट्याने पसरतो. काही मुलांना त्यानंतर ताप येतो, एकेक सांधा सुजतो, आणि सांधे बरे झाले तरी हृदयाच्या झडपांवर व्रण राहतो. पुढे तीच मुलगी लग्न होऊन गरोदर राहते, तेव्हा तिला धाप लागते आणि मग रोग कळतो. अशा मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. औषध जुने आहे, स्वस्त आहे. फक्त ते मध्येच सोडायचे नसते.

आता व्याख्यानाच्या मथळ्यातील प्रश्नाकडे येते. हृदयविकार हा श्रीमंतांचा रोग, गादीवर बसणाऱ्यांचा, तूप खाणाऱ्यांचा; आपण कष्टकरी, भाकरी खाणारे, आपल्याला तो कसा होईल, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. या समजुतीला संशोधनाने काय उत्तर दिले ते पाहू.

अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात १९४८ साली पाच हजारांहून अधिक निरोगी माणसांची नोंद करून त्यांच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्यास सुरुवात झाली. कुणाला हृदयविकार होतो आणि कुणाला होत नाही, हे त्यातून शोधले गेले. वाढलेला रक्तदाब, रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचे धोके त्या गावाने जगाला दाखविले. पण ती माणसे बहुतेक गोरी आणि अमेरिकन. आपले काय? त्याचे उत्तर २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासाने दिले. मूळचे केरळचे डॉ. सलीम युसूफ त्याचे प्रमुख होते. भारतासह ५२ देशांतील रुग्ण त्यात होते. धूम्रपान, रक्तातील चरबी, रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाच्या सवयी अशा नऊच गोष्टींनी पहिल्या हार्ट अटॅकच्या जवळजवळ नव्वद टक्के धोक्याचा उलगडा होतो, असे त्यात आढळले. हे सर्व देशांत, स्त्रियांत आणि पुरुषांत लागू पडले. म्हणजे नशीब म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवितो, त्यातील बराच भाग मोजता येतो आणि बदलताही येतो.

याच अभ्यासातून २००७ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. दक्षिण आशियातील माणसाला पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर इतर देशांत जवळजवळ ५९ व्या वर्षी. सहा वर्षे आधी! ही कर्त्या माणसाची वर्षे आहेत, मुलीच्या लग्नाची, मुलाच्या शिक्षणाची. आणि आपल्या सोलापूरकरांनी कान देऊन ऐकावी अशी एक गोष्ट २००६ साली प्रसिद्ध झाली. नुसती विडी ओढणाऱ्यांत हार्ट अटॅकचा धोका तंबाखूपासून दूर असणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळला आणि नुसती तंबाखू खाणाऱ्यांत दुपटीहून अधिक. विडी सिगारेटपेक्षा सौम्य, तंबाखू चघळली तर छातीला काही होत नाही, मिश्रीने दात चांगले राहतात, या सगळ्या गैरसमजुती आहेत. ज्या विडीने माझ्या आईच्या हाताला काम दिले आणि माझे शिक्षण झाले, त्या विडीविषयी हे बोलताना मला जड जाते. पण मजुरीचा प्रश्न मजुरीच्या मार्गाने सोडवावा लागेल. त्यासाठी धुराला निरुपद्रवी म्हणता येणार नाही.

बंधू-भगिनींनो, आता मी माझ्या भाषणाच्या गाभ्याशी येते. २००८ साली 'क्रिएट' नावाच्या नोंदणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारतातील ८९ रुग्णालयांतील हृदयाच्या तीव्र झटक्याच्या २०,९३७ रुग्णांची ती नोंद होती. त्यात रुग्णांचे आर्थिक स्तर पाडले होते. तीस दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंतांत ५.५ टक्के होते आणि गरिबांत ८.२ टक्के. रोग एकच, पण गरीब जास्त मेले. का? त्यांचे हृदय जास्त कमकुवत होते म्हणून? संशोधकांनी हिशेब करून पाहिला. कुणाला कोणते उपचार मिळाले हे विचारात घेतले, तेव्हा गरीब-श्रीमंतांमधील हा फरक नाहीसा झाला. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. गरिबाचे हृदय निराळे नव्हते. त्याला मिळालेले उपचार निराळे होते. त्याच अभ्यासात, छातीत दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोहोचण्यास निम्म्या रुग्णांना सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागल्याचे दिसले. गुठळी विरघळविण्याच्या औषधाचा खरा उपयोग पहिल्या काही तासांतच होतो.

हे चित्र केवळ आपल्या देशाचे नाही. २०१४ साली १७ देशांतील दीड लाखाहून अधिक माणसांवरील 'प्युअर' अभ्यासाचे निष्कर्ष आले. श्रीमंत देशांतील लोकांत धोक्याची कारणे जास्त होती. गरीब देशांत ती कमी होती. तरीही हृदयाचे गंभीर आजार गरीब देशांतच जास्त झाले. आणि ज्यांना झाले त्यांच्यापैकी श्रीमंत देशांत शंभरात सहा-सात दगावले, तर गरीब देशांत सतरा. त्याच अभ्यासाच्या २०११ सालच्या अहवालात, गरीब देशांतील हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या दर दहा माणसांपैकी आठ जण त्यावरची एकही आवश्यक गोळी घेत नव्हते, असे आढळले होते. माझे दादा त्या आठांतलेच.

आता खुद्द हार्ट फेल्युअरविषयी. आपल्या देशात ५३ रुग्णालयांतील १०,८५१ रुग्णांची राष्ट्रीय नोंद झाली आणि २०२२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या रुग्णांचे सरासरी वय साठच्या आसपास होते. नव्वद दिवसांत शंभरातले चौदा जण दगावले. हृदयाची ताकद घटलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून कमी जणांना ठरलेली सर्व औषधे लिहून दिली गेली होती. आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढचा आकडा वहीत लिहून ठेवा. महाविद्यालयापर्यंत शिकलेल्यांत मृत्यूचे प्रमाण दहा टक्के होते. जेमतेम प्राथमिक शाळेपर्यंत शिकलेल्यांत ते सतरा टक्के होते.

शिक्षणाने हृदयाचा स्नायू बळकट होत नाही. मग हा फरक कुठून आला? ज्याच्याकडे शिक्षण असते त्याच्याकडे बहुधा पैसाही थोडा अधिक असतो, हे त्याचे एक कारण. पण शिकलेला माणूस चिठ्ठी वाचतो, प्रश्न विचारतो, पुढची तारीख पाळतो आणि 'कधीपर्यंत घ्यायची?' हे विचारायला घाबरत नाही, हेही आपण रोज पाहतो. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने याच सोलापुरात आपल्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. शिकलेल्या मुलाने घरातले सात-बाराचे कागद वाचावेत, अर्ज लिहावेत, ही आपली परंपरा आहे. आता त्याने घरातल्या गोळ्यांची चिठ्ठीही वाचली पाहिजे.

रोगाची मुळे किती खोल जातात याचे एक उदाहरण आपल्या शेजारच्या पुण्याचे आहे. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी १९८९ साली दाखविले की जन्मतः वजन कमी असलेल्या पुरुषांत पुढे हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण जास्त होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. बाळ दिसायला किडकिडीत, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. अशा बाळाला मोठेपणी मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका अधिक असतो. म्हणून गरोदर सुनेने सर्वांच्या मागून उरलेले खावे, ही रीत नुसती अन्यायाची नाही. ती पुढच्या पिढीच्या हृदयावर घाव घालते. घरातली पहिली भाकरी तिच्या ताटात पडली पाहिजे.

आता आशेची बाजू. सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी, १७८५ साली, विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टराने एका झाडाच्या पानांनी अंगावरची सूज उतरते हे लिहून ठेवले. त्यानंतर दीर्घ काळ सूज उतरविणे एवढेच आपल्या हाती होते. दादा गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, उत्तर युरोपातील २५३ गंभीर रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. एनालाप्रिल ही गोळी घेणाऱ्यांत सहा महिन्यांत २६ टक्के दगावले, न घेणाऱ्यांत ४४ टक्के. हार्ट फेल्युअरमध्ये गोळीने आयुष्य वाढते, हे त्यातून ठसठशीतपणे दिसले. ज्या बीटा ब्लॉकर गोळ्या पूर्वी या रोगात वर्ज्य मानत, त्याच १९९९ पर्यंत उपकारक ठरल्या. बैलावरचा आसूड त्या काढून घेतात. त्याच वर्षी स्पायरोनोलॅक्टोनचा फायदा सिद्ध झाला. आणि २०१९ साली मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन ही गोळी मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनाही उपयोगी पडते, असे दिसून आले. २०२० नंतर तिच्या स्वस्त गोळ्याही आपल्या देशात मिळू लागल्या. कोणती गोळी कुणाला द्यायची हे डॉक्टरांनीच ठरवावे, शेजाऱ्याची गोळी घेऊ नये. पण एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. या गोळ्या रोग घालवीत नाहीत, त्या रोगाला धरून ठेवतात. बरे वाटते ते गोळीमुळे. म्हणून बरे वाटले की गोळी सोडणे म्हणजे छपराला टेकू दिल्यावर छप्पर पडले नाही, म्हणून टेकू काढून घेणे.

शेवटी, आपण काय करायचे ते थोडक्यात सांगते.

चालताना पूर्वीपेक्षा लवकर दम लागणे, आडवे झाल्यावर धाप किंवा खोकला येणे, रात्री गुदमरून उठून बसणे, उशीवर उशी घ्यावी लागणे, पायावर बोट दाबले तर खड्डा राहणे, ही लक्षणे वयावर आणि कामावर ढकलू नका. डॉक्टरांना दाखवा. ज्यांना हा रोग आहे त्यांनी रोज सकाळी लघवीनंतर वजन करावे. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले तर ती चरबी नव्हे, ते पाणी आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तिशीनंतर प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजावा. तो वारंवार १४०/९० च्या वर असेल तर उपचार हवेत, मग डोके दुखो वा न दुखो. मीठ दिवसाला सर्व मिळून एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे. आपली शेंगाचटणी, खर्डा, लोणचे, पापड यांतले मीठही या हिशेबात धरायचे. चटणी सोडा असे मी सोलापूरच्या माणसाला सांगणार नाही, पण हात आखडता घ्या. ज्वारीची भाकरी, डाळ आणि पालेभाजी हे आपले अन्न चांगलेच आहे.

छातीत दाबल्यासारखे दुखून घाम सुटला तर पित्त म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ क्रमांकाला फोन करा. पैशांसाठी थांबू नका. २ जुलै २०१२ रोजी राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना प्रथम सुरू झाली, त्यात आपला सोलापूर जिल्हा होता. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. कागदपत्रे आजारपणाआधीच तयार ठेवा. रोजच्या गोळ्यांसाठी सरकारी दवाखाना आणि जनऔषधी दुकान आहे.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडे माझे एक मागणे आहे. आज घरी गेल्यावर एक वही करा. घरातल्या किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या माणसाच्या गोळ्या समोर घ्या आणि मराठीत चार रकाने आखा : गोळीचे नाव, ती कशासाठी, दिवसातून केव्हा आणि कधीपर्यंत. पहिले तीन रकाने तुम्ही भराल. चौथा बहुतेक रिकामा राहील. तो भरून घेण्यासाठी त्या माणसाबरोबर दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट विचारा. संस्थेलाही माझी विनंती आहे की आपल्या सभागृहात एक रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि एक वजनकाटा ठेवावा. महिन्यातून एका रविवारी मी स्वतः येऊन बसेन.

दादांच्या चिठ्ठीला चौथा रकाना नव्हता. त्यांच्या घरात डॉक्टरकी शिकणारी मुलगी असूनही तो कुणी आखला नाही. तुमच्या घरात तो आखला जावा एवढ्यासाठी मी आज उभी राहिले.  

जयभीम.